उंच केलेल्या जीपचा प्रोपेलर शाफ्ट : निवड आणि जोडणी

एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवर आणि घाट्यांवर पहाटेपासून जीपगाड्यांची घरघर ऐकू येते. आंब्याच्या पेट्या कलमांच्या बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत आणायच्या, तर मधली वाट कातळाची, चढणीची आणि ठिकठिकाणी व्हाळ ओलांडणारी असते. साध्या मोटारीचे तेथे काम नाही. पाऊस सुरू झाला की हीच वाट जांभ्याच्या लाल चिखलाने निसरडी होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात चारही चाकांना शक्ती देणारी गाडी ही पुष्कळ कुटुंबांची गरज आहे, आणि अलीकडे ती हौसही झाली आहे.

ही गरज आणि हौस जेथे एकत्र येतात, तेथे गाडी 'उंच' करण्याचा विचार पुढे येतो. खालचा भाग दगडाला घासू नये, मोठे टायर बसावेत, पाण्यातून जाताना थोडी उंची मिळावी, ही कारणे समजण्यासारखी आहेत. पाट्यांचे शॅकल बदलले, नवे कमानदार पाटे घातले, की एका दिवसात गाडी दोन-तीन इंच उंच होते. ती दिसतेही रुबाबदार. पण गाडीच्या पोटाखाली जो एक पोलादी दंडगोल इंजिनाची शक्ती चाकांकडे नेत असतो, त्याच्याकडे या घाईत क्वचितच कोणी पाहते. हा दंडगोल म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गाडी उंच केल्याचा सर्वांत मोठा भार त्याच्यावर पडतो, आणि तो घाटात तुटला तर केवळ गाडी बंद पडून भागत नाही.

शाफ्टचे काम

चारचाकी शक्तीच्या गाडीत गिअरबॉक्सनंतर 'ट्रान्सफर केस' नावाची पेटी असते. ती शक्तीचे दोन वाटे करते. एक मागच्या ॲक्सलकडे जातो, दुसरा पुढच्या ॲक्सलकडे. हे दोन्ही वाटे दोन प्रोपेलर शाफ्ट वाहून नेतात. ट्रान्सफर केस चासीला घट्ट बांधलेली असते; ॲक्सल मात्र पाट्यांवर लोंबकळत रस्त्याप्रमाणे वरखाली होतो. म्हणजे शाफ्टचे एक टोक स्थिर आणि दुसरे सतत हलते. या हालचालीत शाफ्टला दोन गोष्टी साधाव्या लागतात: कोनात वाकूनही फिरत राहायचे, आणि अंतर बदलेल तशी स्वतःची लांबी बदलायची.

वाकण्याचे काम दोन्ही टोकांचे युनिव्हर्सल जॉइंट करतात. अधिक चिन्हाच्या आकाराचा एक पोलादी क्रॉस, त्याच्या चार टोकांवर टोप्या आणि प्रत्येक टोपीत सुईसारख्या बारीक रोलरचे बेअरिंग, अशी ही रचना असते. तिची कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो याचे नाव तिला युरोपात चिकटले, तर सतराव्या शतकात इंग्लंडमधील रॉबर्ट हूक याने तिच्या गतीचा अभ्यास केला. मोटारीसाठी बंदिस्त आणि वंगण टिकवून धरणारा जॉइंट अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर याने तयार केला. त्याचे पेटंट १९०३ सालचे. लांबी बदलण्याचे काम 'स्लिप जॉइंट' करतो. खाचा असलेला एक दांडा तशाच खाचांच्या नळीत आतबाहेर सरकतो, आणि फिरण्याची शक्ती मात्र न चुकता पुढे देतो.

१९४१ साली अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेल्या विलिस जीपमध्ये हीच मांडणी होती. १९४७ मध्ये महिंद्र कंपनीने त्या जीपची जुळणी भारतात सुरू केली आणि पुढे अनेक दशके तिच्याच वंशातील गाड्या कोकणच्या रस्त्यांवर धावल्या. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीची मांडणी थोडी वेगळी. तिच्यात ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून अलग बसवलेली असल्यामुळे दोघांना जोडणारा आणखी एक आखूड शाफ्ट असतो. तत्त्व मात्र तेच.

उंचीने काय बिघडते?

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. आखूड जीपचा मागचा शाफ्ट क्रॉसच्या मध्यापासून दुसऱ्या क्रॉसच्या मध्यापर्यंत ७० सेंटिमीटर आहे आणि ॲक्सलकडचे टोक ट्रान्सफर केसपेक्षा १२ सेंटिमीटर खाली आहे, असे समजू. शाफ्टचा उतार सुमारे १० अंश येतो. आता गाडी तीन इंच, म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटर उंच केली. खालचे टोक साडेएकोणीस सेंटिमीटर खाली गेले. उतार जवळजवळ १६ अंश झाला आणि दोन क्रॉसमधील अंतर ७१.७ सेंटिमीटरवर पोहोचले. म्हणजे कोन दीडपटीहून अधिक वाढला, आणि स्लिप जॉइंट उभ्या गाडीतच पावणेदोन सेंटिमीटर बाहेर ओढला गेला. हीच उंची १३० सेंटिमीटर शाफ्ट असलेल्या लांब गाडीला दिली, तर उतार सव्वापाच अंशांवरून साडेआठ अंशांच्या आसपास जातो. आखूड गाडी उंच करणे अधिक अवघड का, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

कोन वाढला तर बिघडते काय? युनिव्हर्सल जॉइंटचा एक स्वभाव असा, की कोनात फिरताना तो समान वेग देत नाही. आत येणारा वेग एकसारखा असला, तरी बाहेर पडणारा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. १० अंशांवर हा चढउतार दीड टक्क्याचा असतो. १६ अंशांवर तो चार टक्क्यांपर्यंत जातो. ३० अंशांवर पंधरा टक्क्यांच्या घरात पोहोचतो. गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असताना शाफ्ट मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर १६ अंशांच्या जॉइंटपलीकडे त्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात १,९२३ आणि २,०८१ यांच्या दरम्यान हेलकावे खातो. हा हिसका सेकंदाला साठ-सत्तर वेळा बसतो. सीटखाली जाणवणारी थरथर ती हीच.

मग साध्या गाडीत ती का जाणवत नाही? कारण शाफ्टच्या दोन्ही टोकांना जॉइंट असतात, आणि एकाने केलेली गडबड दुसरा निस्तरतो. त्यासाठी दोन अटी आहेत. पहिली, दोन्ही जॉइंटचे कोन सारखे हवेत. म्हणजे ट्रान्सफर केसचा बाहेर आलेला दांडा आणि ॲक्सलच्या डिफरन्शियलचा पिनियन एकमेकांना समांतर हवेत. दोन कोनांतील फरक एका अंशाच्या आत राहावा, असा कारागिरांचा दंडक आहे. दुसरी अट, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे, ज्यांना योक म्हणतात, एका रेषेत हवेत. स्लिप जॉइंट उघडून पुन्हा घालताना तो एक-दोन खाचा सरकून बसला, तर दुसरी अट मोडते. नव्या शाफ्टवर खर्च करूनही गाडी थरथरते, तेव्हा दोष पुष्कळदा एवढाच असतो.

गाडी उंच करण्याची पद्धतही पहिल्या अटीवर परिणाम करते. लांब शॅकल लावले की पाट्याचे एकच टोक सरकते, पाटा तिरका होतो आणि त्याला बांधलेला ॲक्सल किंचित फिरतो. पिनियनचे तोंड वर किंवा खाली वळते आणि समांतरपणा संपतो. शिवाय शॅकल दोन इंच लांब केले तर ॲक्सलपाशी मिळणारी उंची सुमारे एकच इंच असते. थोड्या लाभासाठी मोठा बिघाड, असा हा व्यवहार आहे.

आधी कोन, मग शाफ्ट

म्हणून शाफ्ट विकत घेण्याआधी कोन दुरुस्त करणे हे पहिले काम. तीन इंचांपर्यंतच्या उंचीला पुष्कळदा साधे उपाय पुरतात. ट्रान्सफर केसच्या बैठकीखाली योग्य जाडीचे ठोकळे देऊन ती किंचित खाली घेता येते. त्यामुळे उतार कमी होतो. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराची पोलादी पट्टी घालून पिनियन पुन्हा समांतर करता येतो. ही पाचर पोलादाचीच असावी. मऊ धातूची पाचर भाराखाली चेपते, यू-बोल्ट सैल पडतात आणि ॲक्सल जागचा हलतो.

कोन फारच वाढला असेल तर दुहेरी क्रॉसचा जॉइंट हा पर्याय उरतो. यात ट्रान्सफर केसच्या बाजूला दोन क्रॉस पाठोपाठ बसवलेले असतात आणि मध्ये एक गोळी त्यांना समतोल ठेवते. एकूण कोन दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो आणि वेगातील चढउतार तेथल्या तेथे मिटतो. मात्र अशा शाफ्टची भूमिती वेगळी असते. येथे पिनियन ट्रान्सफर केसला समांतर ठेवायचा नसतो. त्याचे तोंड थेट शाफ्टकडे वळवायचे असते, कारण खालच्या एकट्या जॉइंटने केलेली गडबड निस्तरायला आता दुसरा कोणी नसतो. जोर लागला की पाट्यांवरचा पिनियन थोडा वर उचलला जातो. म्हणून उभ्या गाडीत तो शाफ्टच्या रेषेपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवतात. दुहेरी जॉइंट घ्यायचा आणि पिनियन मात्र जुन्याच कोनात ठेवायचा, हा पैसा वाया घालवण्याचा हमखास मार्ग आहे.

पुढच्या ॲक्सलच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. तेथे पिनियन वर वळवण्यासाठी ॲक्सल फिरवला, की स्टिअरिंगचा कॅस्टर कोनही बदलतो. तो कमी झाला तर गाडी सरळ रस्त्यावर भरकटू लागते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. शाफ्टची थरथर आणि स्टिअरिंगचा ताबा यांत निवड करायची वेळ आली, तर स्टिअरिंगलाच मान द्यायला हवा. ज्या गाड्यांत पुढच्या चाकांचे हब मोकळे करता येतात, तेथे एरवी पुढचा शाफ्ट फिरतच नाही. त्यामुळे त्याची थोडी थरथर चालून जाते. हब कायम जोडलेले असतील, तर टू-व्हील ड्राइव्हमध्येही तो शाफ्ट फिरत राहतो.

नव्या गाड्यांचे गणित पुन्हा निराळे. २०१० मध्ये आलेल्या थारला आणि २०२० च्या नव्या थारलाही पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. अशा गाडीत पुढचे डिफरन्शियल चासीला बांधलेले असते. गाडी उंच केल्याने पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलत नाही. पण डिफरन्शियलपासून चाकांकडे जाणाऱ्या दोन आखूड दांड्यांचा कोन वाढतो. त्यांची रबरी बुटे आधी फाटतात, ग्रीस उडून जाते, चिखल आत शिरतो आणि मग जॉइंट जातो. थारचा मागचा शाफ्ट मात्र जुन्या जीपसारखाच तपासावा लागतो.

मापे कशी घ्यावीत?

शाफ्ट तयार करणाऱ्याकडे जाण्याआधी तीन मापे हातात हवीत. पहिले, गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर वजन असताना. नेहमीचे सामान, जादा चाक, पुढची विंच, सर्व काही जागेवर हवे. दुसरे, चासीला स्टँड देऊन ॲक्सल पूर्ण लोंबकळत असताना. तिसरे, पाटे पूर्ण दबून ॲक्सल वरच्या रबरी ठोकळ्याला टेकला असताना. प्रत्येक वेळी फ्लँजच्या तोंडापासून फ्लँजच्या तोंडापर्यंत किंवा क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजावे, आणि यांपैकी कोणती पद्धत वापरली ते कागदावर लिहावे. निम्म्या चुका 'माप कुठून घेतले' याच गोंधळातून होतात.

शाफ्टची लांबी पहिल्या मापावर ठरते. स्लिप जॉइंटची लांबी पुढच्या दोन मापांवर. ॲक्सल पूर्ण वर आला असताना स्लिप जॉइंटमध्ये अजून सुमारे एक इंच जागा उरावी. ती उरली नाही तर शाफ्ट पहारीसारखा ट्रान्सफर केसवर आदळतो आणि तिचे बेअरिंग किंवा कवच फोडतो. ॲक्सल पूर्ण खाली गेला असताना खाचांचे किमान दोन इंच एकमेकांत अडकलेले असावेत. त्याहून कमी पकड राहिली तर खाचा झिजतात, आणि एखाद्या खड्ड्यात चाक लोंबकळताच शाफ्ट निखळतो.

लोंबकळत्या अवस्थेत आणखी एक तपासणी करावी. शाफ्ट हाताने सावकाश पूर्ण फेरा फिरवून पाहावा. कोठे योकला योक अडत असेल, तर तो जॉइंट रस्त्यावर नक्की फुटणार. अशा वेळी ॲक्सलची खाली जाण्याची मर्यादा पट्ट्याने आवरणे हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे.

नळी, क्रॉस आणि बॅलन्स

नळीची निवड लांबी आणि वापर पाहून करायची असते. लांब व बारीक नळी वेगात फिरताना दोरीवरच्या उडीतील दोरासारखी मध्ये फुगू पाहते. ज्या वेगाला हे घडते तो वेग लांबी वाढली की झपाट्याने खाली येतो: लांबी दुप्पट झाली तर तो चौथाईवर येतो. म्हणून लांब शाफ्टला अधिक व्यासाची नळी देतात किंवा मध्ये बेअरिंग देऊन त्याचे दोन तुकडे करतात. आखूड जीपमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही. तेथे दगडाचा मार सोसण्यासाठी नळीची भिंत थोडी जाड घेणे शहाणपणाचे. पण अतिजाड नळीचे वजन जॉइंटवर आणि बेअरिंगवर पडते. शिवाय सारे काही अभंग केले, तर दणका पुढे सरकतो आणि डिफरन्शियलचे दाते तुटतात. क्रॉस तुटणे त्या मानाने स्वस्त. जंगलवाटेवर जाणारे अनुभवी चालक जादा क्रॉस आणि तो बसवण्याची हत्यारे जवळ बाळगतात, ती याच हिशेबाने.

क्रॉस कोणता घ्यावा? मूळ गाडीच्या मापाचा, नामांकित उत्पादकाचा आणि पक्क्या पावतीचा. टोपीचा व्यास आणि क्रॉसची लांबी व्हर्निअरने मोजून घ्यावी. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन क्रॉस अर्ध्या मिलिमीटरने वेगळे असू शकतात. ग्रीस निपल असलेला क्रॉस कोकणाला अधिक सोयीचा. निपल नसलेला बंद क्रॉस थोडा मजबूत असतो हे खरे, पण व्हाळाच्या पाण्यातून आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेतून रोज जाणाऱ्या गाडीला जुने ग्रीस ढकलून नवे भरता येणे अधिक मोलाचे आहे.

जुना शाफ्ट कापून लांब करायचा झाल्यास ते काम लेथ आणि बॅलन्सिंग यंत्र असलेल्या कारखान्यातच करावे. रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात मध्ये तुकडा घालून जोडलेला शाफ्ट वरवर सरळ दिसतो. पण वेल्डिंगच्या उष्णतेने नळी केसभर वाकते, आणि मिनिटाला दोन हजार फेऱ्यांना तो केसभर फरक ट्रान्सफर केसचे ऑइल सील आणि बेअरिंग खाऊन टाकतो. योग्य पद्धत अशी: जुनी नळी काढून पूर्ण लांबीची नवी नळी घ्यावी, दोन्ही योक एका रेषेत ठेवून सर्व बाजूंनी सारखे वेल्डिंग करावे, लेथवर डगमग तपासावी आणि शेवटी यंत्रावर बॅलन्स करून वजनाचे तुकडे लावावेत. शाफ्टवर रंग देणाऱ्याने हे तुकडे खरवडून काढू नयेत, हेही सांगून ठेवलेले बरे.

जोडणी आणि हँडब्रेकचा धोका

प्रत्यक्ष जोडणीच्या आधी एक इशारा महत्त्वाचा आहे. जुन्या विलिस आणि त्या धर्तीच्या अनेक जीपगाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर लागतो. तो शाफ्ट सोडला, की हँडब्रेक ओढलेला असूनही चाके मोकळी असतात. गाडी गिअरमध्ये ठेवण्याचाही उपयोग नाही, कारण गिअर आणि चाके यांना जोडणारा दुवाच काढलेला असतो. उतारावर उभ्या गाडीखाली झोपून शेवटचा बोल्ट काढणाऱ्या माणसाच्या अंगावर ती गाडी येऊ शकते. म्हणून सपाट जागा, चारही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि जॅकच्या जोडीला पक्के स्टँड, या तीन गोष्टींशिवाय काम सुरूच करू नये.

याच कारणाने घाटात मागचा शाफ्ट तुटणे धोक्याचे ठरते. एका क्षणी इंजिनाचा रोध जातो, आणि अशा जीपमध्ये हँडब्रेकही जातो. उरतो तो केवळ पायाचा ब्रेक. पुढच्या टोकाचा जॉइंट तुटला तर शाफ्टचे तोंड रस्त्यावर पडून रुतू शकते. आंबा घाटातून साखरप्याकडे उतरताना किंवा कुंभार्ली घाटातून चिपळूणकडे येताना हे घडले, तर परिणाम काय होईल हे सांगायला नको. शाफ्टच्या पुढच्या टोकाभोवती चासीला बांधलेला पोलादी पट्टीचा फास तुटलेल्या शाफ्टला खाली पडू देत नाही. त्याचा खर्च नगण्य आहे. उंच केलेल्या प्रत्येक गाडीत तो असावा.

जोडणीचे नियम साधे आहेत. जुना शाफ्ट काढण्याआधी फ्लँज आणि शाफ्टवर खुणा कराव्यात. क्रॉस बसवताना टोपीतील एखादी सुई आडवी पडली, तर टोपी पूर्ण आत जात नाही; अशा वेळी हातोडा मारण्याऐवजी टोपी काढून सुया पुन्हा लावाव्यात. चारही सर्कलिप खाचेत पूर्ण बसल्याची खात्री करावी. बसवल्यावर क्रॉस हाताने सहज पण किंचित घट्ट फिरायला हवा. बोल्ट उच्च ताणशक्तीचे, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे घ्यावेत. बाजारातील साधे बोल्ट लावू नयेत. लॉकनट दुसऱ्यांदा वापरू नयेत, आणि टॉर्क पान्याने कंपनीच्या पुस्तकातील मापाइतकेच आवळावेत. क्रॉसच्या चारही टोप्यांतून नवे ग्रीस डोकावेपर्यंत गन चालवावी. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

गाडी काय सांगते?

शाफ्ट तुटण्याआधी पुष्कळदा सूचना देतो. गाडी हलताना किंवा गिअर बदलताना 'टक्' असा आवाज आला, तर क्रॉस किंवा स्लिप जॉइंटच्या खाचा झिजल्या आहेत. हळू वेगात चिमणीसारखी चिवचिव ऐकू आली, तर बेअरिंग कोरडे पडले आहे. टोपीभोवती लालसर भुकटी दिसली, तर आत गंज चढला आहे. ठरावीक वेगालाच थरथर होत असेल तर बॅलन्सचा दोष समजावा; ॲक्सिलरेटर दाबताच वाढून सोडताच कमी होत असेल, तर पिनियनचा कोन तपासावा.

पावसाळ्यात ही तपासणी अधिक काटेकोर हवी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण शहर बुडाले, तेव्हा असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा वाहनांत इंजिनाकडे सर्वांचे लक्ष जाते. जॉइंटच्या टोपीत शिरलेला गाळ मात्र महिनोन् महिने तेथेच राहतो. पाणी क्रॉसच्या वर गेले असेल, तर त्याच आठवड्यात सर्व निपलमधून ग्रीस बदलावे, ॲक्सलचे तेल दुधाळ झाले आहे का ते पाहावे आणि ब्रीदरची नळी मोकळी असल्याची खात्री करावी. आणखी एक सवय आवर्जून सोडावी. ज्या गाड्यांत मधले डिफरन्शियल नसते, त्यांना कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्हमध्ये चालवले, की वळणावर पुढचे आणि मागचे शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात. ही सोय चिखल, वाळू आणि ओल्या कातळासाठी आहे.

कायदा काय म्हणतो?

या साऱ्या तांत्रिक चर्चेच्या आधी खरे तर एका प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे: गाडी उंच करावी का? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघातानंतर विमा कंपनी न कळवलेल्या फेरफारावर बोट ठेवू शकते, हा धोका वेगळाच. म्हणून कोणतेही काम हाती घेण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट. खासगी जमिनीवरील वापर आणि सार्वजनिक रस्त्यावरील वापर यांतला भेदही विसरता येत नाही.

एक गोष्ट पुष्कळ मालकांच्या ध्यानात येत नाही. वीस-पंचवीस वर्षे पेट्या आणि माणसे वाहिलेल्या जीपचे पाटे बसलेले असतात. नवे मूळ मापाचे पाटे, चांगल्या बुशी आणि चिखलाला योग्य टायर घातले, तर गाडी तिच्या जन्माच्या उंचीला परत येते. त्या उंचीसाठी उत्पादकाने शाफ्टचे कोन आधीच आखून ठेवलेले आहेत. बागेच्या कामाला बहुधा एवढे पुरते.

त्यापलीकडे जाऊन कोणाला खरोखर उंची हवीच असेल, तर तिचा हिशेब पाट्यांपाशी थांबत नाही. कोन, लांबी, क्रॉस, बॅलन्स आणि हँडब्रेक या पाचही बाबींचा खर्च आधी मांडावा आणि मगच शॅकलला हात घालावा. गाडीखाली वाकून शाफ्टला हाताने दोन हिसके देऊन पाहायला दोन मिनिटे लागतात. घाट चढण्यापूर्वी ती दोन मिनिटे काढणारा चालक आपल्याबरोबर गाडीत मागे बसलेल्या माणसांचीही काळजी घेत असतो.